अर्ध्या प्रदक्षिणेचा रस्ता

आई, काल शेवटचे पाहुणे गेले. तेरावा झाला, गुरुजींना त्यांच्या घरी सोडून आलो, उरलेले लाडू शेजारीपाजारी दिले आणि आज घरात मी आणि मीनल दोघंच आहोत. एवढ्या दिवसांत जो येईल तो मला एकच वाक्य ऐकवून जात होता, "सुधीर, जावई असून मुलासारखं केलंस हो त्यांचं." मी मान खाली घालून ऐकत होतो आणि आतून हसू दाबत होतो. तुम्ही समोर असतात तर लगेच म्हणाला असतात, "केलं खरं, पण पद्धत चुकीची होती." मला 'चुकलात' म्हणणारा तुमचा आवाज किती कष्टाने मिळाला होता, हे त्या भल्या माणसांना कुठून माहीत असणार?

बाबा गेल्यावर मीनल तुम्हाला हट्टाने इथे अमेरिकेत, एडिसनला घेऊन आली. तिच्या मनात होतं की तुम्ही आता कायमचं इथे राहावं. तुम्ही मात्र सहा महिन्यांचं परतीचं तिकीट पर्समध्ये घालूनच विमानातून उतरलात. मुलीच्या घरी चार दिवस आनंदाने राहावं, पण मुक्काम ठोकू नये, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यातून ते घर जावयाचं. मी खोलीत आलो की तुम्ही सोफ्यावरून उठून उभ्या राहायचात. फ्रिज उघडायच्या आधी "जरा उघडू का?" असं विचारायचात. टीव्हीवर काय लावू विचारलं तर "तुम्हाला आवडेल ते." आणि मी काहीही बोललो तरी तुमचं उत्तर ठरलेलं, "बरोबर आहे तुमचं."

एकदा मीनल कामावर गेलेली असताना मी मोठ्या प्रेमाने तुमच्यासाठी कांदेपोहे केले. पातळ पोहे आणि जाडे पोहे यांत फरक असतो हे मला माहीत नव्हतं. चिवड्याचे पातळ पोहे चांगले भिजवून फोडणीत टाकले. कढईत जे तयार झालं ते भिंतीच्या भेगा बुजवायला कामी आलं असतं. तुम्ही ताटली संपवलीत आणि म्हणालात, "छान मऊ झालेत हो." मी दिवसभर घरी बसून सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे इतरांच्या चुका काढायचा पगार घेतो. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे मला लगेच कळतं. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, आई. एका घरात दोन माणसं दिवसभर राहत होती आणि दोघंही पाहुण्यासारखी वागत होती.

"तुझी आई मला घाबरते यार," मी मीनलला म्हणालो.

"घाबरत नाही रे, मान देते."

"मग थोडा कमी द्यायला सांग ना."

मीनल हसली नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीतून थकून आली होती. "सुधीर, ती सहा महिने झाले की परत जाणार. साताऱ्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकटी. बीपी आहे, गुडघे आहेत, रात्री काही झालं तर दार उघडायलाही कोणी नाही. मी किती वेळा विचारलं. म्हणते, जावयाच्या घरी किती दिवस राहायचं."

"घर तर आपल्या दोघांचं आहे."

"हे तू तिला पटवून दाखव," मीनल म्हणाली.

मी काय पटवणार? मी काहीही म्हटलं तरी तुम्ही 'बरोबर आहे तुमचं' म्हणणार आणि ठरलेल्या दिवशी बॅग भरणार. शेवटी हे काम एका खेळाने केलं.

दुपारच्या जेवणानंतर मीटिंग सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ मी टॅबलेटवर खेळत बसायचो. त्या खेळाचं इंग्रजी नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. तुम्ही त्याला 'रस्ते' म्हणायचात. खेळ साधाच. हिरव्या चौकटींचं एक मैदान, त्यात एका कोपऱ्यात छोटंसं घर. घरातून हातात कंदील घेतलेली एक आकृती निघते. तिच्यासाठी आपण रस्त्याचे तुकडे मांडायचे, सरळ, वळणाचे, फाट्याचे. मैदानातले सगळे दिवे लावून तिला घरी परत आणलं की लेव्हल सुटली. तुकडे मोजकेच मिळतात आणि रस्ता चुकला की कंदील विझतो, पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेथी निवडत बसायचात. बघत नाही असं दाखवत बघायचात. सुरुवातीला फक्त एकदा बोललात, "ती बाई दमत नाही का हो?" मी म्हटलं, "आई, तो पुरुष आहे, पँट घातलीय." तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे तुमचं." पण आपल्या मनात ती बाईच ठेवलीत. नंतर पुढे हा वाद आपण किती वेळा घातला. तुमचं म्हणणं, संध्याकाळी दिवे लावून घरी परतायची घाई पुरुषाला असते का कधी? माझं म्हणणं, मिशा आहेत. तुम्ही चष्मा पुसून म्हणायचात, ती सावली आहे. तो वाद तसाच राहिलाय.

मग ती लेव्हल आली. मैदानाच्या मधोमध घुमट असलेली एक दगडी इमारत. तिच्या भोवती दिवे. इमारतीच्या मागच्या बाजूने पाण्याची एक पन्हळ निघून थेट मैदानाच्या कडेपर्यंत गेलेली. त्या पन्हळीच्या अलीकडे एक दिवा आणि पलीकडे एक. पूल नाही. मी घरातून रस्ता काढला, उजवीकडे वळवला, इमारतीला वळसा घालून मागे नेला. पन्हळीपाशी कंदील विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजवीकडून, जरा लांबून. पुन्हा विझला. आठवडा गेला. प्रत्येक वेळी एक फाट्याचा तुकडा हातात शिल्लक राहायचा, आणि तो मला चकवायला दिलाय असं मी ठरवून टाकलं होतं.

माझ्या लक्षात आलं की मी रस्ता उजवीकडे वळवला की तुमच्या हातातली मेथी थांबते.

"काय झालं, आई?"

"काही नाही. चाललंय ते छान चाललंय."

"अहो, आत्ताच विझला कंदील."

"विझला तरी छान."

एके दिवशी मी पुन्हा तो पहिला तुकडा उजवीकडे ठेवला आणि तुम्ही मेथीची जुडी टेबलावर आपटलीत. आवाज एवढा झाला की आपण दोघंही दचकलो.

"सुधीरराव, एक बोलू का?"

"बोला ना."

"नको, राहू दे."

"आई, बोला."

"उलटी घालताय तुम्ही."

"काय?"

"प्रदक्षिणा. त्या बिचारीला देवळाभोवती रोज उलटी फिरवताय. देव उजव्या हाताला असायला हवा ना? आठवडाभर बघतेय, जीव वरखाली होतोय माझा. एवढे शिकलेसवरलेले तुम्ही, आणि धडधडीत चुकताय."

बोलून झालं आणि तुम्ही स्वतःच तोंडावर हात ठेवलात. मला वाटलं आता तुम्ही उठून खोलीत जाणार आणि आपण पुन्हा 'छान मऊ पोहे' वर येणार. म्हणून मी घाईघाईने भांडण उकरून काढलं.

"आई, हे देऊळ नाहीये. हा टॉवर आहे."

"घुमट आहे, समोर दिवे लावायचे, भोवती फिरायचं. मग काय पोस्ट ऑफिस आहे?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी मुद्दाम ताणून धरलं. म्हटलं, या खेळवाल्यांनी साताऱ्याचं देऊळ कधी बघितलंय? तुम्ही म्हणालात, बघितलं नसेल, पण बांधलंय तर देऊळच. शेवटी तुमच्या समाधानासाठी मी रस्ता डावीकडून नेला. आता देव व्यवस्थित उजव्या हाताला. कंदीलवाली निघाली, पहिले दिवे लावले, मागे गेली आणि पन्हळीपाशी पुन्हा कंदील विझला.

"बघा," मी म्हणालो, "सुलटी घाला नाहीतर उलटी, गाडी तिथेच अडते."

तुमचा चेहरा मी आधी कधी असा बघितला नव्हता. तुम्ही हट्टाला पेटला होतात.

त्यानंतर 'रस्ते' माझा राहिला नाही. जेवण झालं की तुम्हीच टॅबलेट पुसून टेबलावर ठेवायचात. मी खुर्चीत बसेपर्यंत घरातून निघणारे पहिले तुकडे मांडूनही झालेले असायचे. आमच्या रियाने कॉलेजमधून व्हिडिओ कॉल केला तेव्हा आपण दोघं एकाच स्क्रीनवर वाकून बसलेलो. ती म्हणाली, "आजी, जस्ट यूज द हिंट ना." तुम्ही मला विचारलंत, हिंट म्हणजे काय? रिया म्हणाली, "दे टेल यू द आन्सर." तुम्ही म्हणालात, "उत्तर तेच सांगणार तर आपण इथे कशाला बसलोय?" माझं बोट त्या हिंटच्या बटणाकडे जातंय असा नुसता संशय आला तरी तुम्ही टॅबलेट उचलून मेथीच्या टोपलीखाली सरकवायचात. मी म्हणायचो, आई, सगळं जग हिंट घेतं. तुम्ही म्हणायचात, घेऊ दे.

आणि मग तो सोमवार. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होतो, कॅमेरा सुरू, टीममधले सगळे समोर. जिना चढायचा म्हटलं तर तुमचे गुडघे कुरकुरायचे, आणि माझ्या कामाच्या खोलीचं दार तुम्ही कधी वाजवलंही नव्हतं. त्या दिवशी दार धाडकन उघडलं. हातात पळी, हात ओले.

"सुधीरराव, महादेवाचं आहे ते."

"आई, मीटिंग चालू आहे."

"असू दे. महादेवाचं देऊळ आहे ते. आत्ता पिंडीवर पाणी घालत होते, पाणी पन्हळीतून ताम्हणात पडलं आणि डोक्यात प्रकाश पडला. देवळातूनच पाणी निघतंय की नाही? अभिषेकाचं पाणी आहे ते. ते ओलांडायचं नसतंच. महादेवाला प्रदक्षिणा अर्धीच घालतात, पन्हळीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. आपण दोघं मूर्खासारखे ते पाणी ओलांडायला बघतोय."

स्क्रीनवर आमचा मॅनेजर म्हणाला, "सुधीर, ऑल ओके?" मी म्हटलं, "फॅमिली इमर्जन्सी, गिव्ह मी फाइव्ह मिनिट्स." आणि तुमच्या मागोमाग जिना उतरलो.

खाली आपण तुकडे मांडले. घरातून सरळ रस्ता, देवळासमोर तो शिल्लक राहणारा फाट्याचा तुकडा. फाट्याची एक वाट डावीकडून मागे, पन्हळीच्या अलीकडच्या दिव्यापर्यंत. दुसरी उजवीकडून मागे, पलीकडच्या दिव्यापर्यंत. दोन्ही वाटा दिव्यापाशी संपलेल्या. मी म्हटलं, रस्ता मध्येच संपला की कंदील विझतो, हे चालणार नाही. तुम्ही म्हणालात, कधी दिव्यापाशी संपवून बघितलाय का? नव्हता बघितला. गृहीत धरलं होतं. लोकांनी काय काय गृहीत धरलंय ते शोधून काढणं हेच माझं काम, आणि ते मी जेवणाच्या टेबलावर विसरत होतो.

ती निघाली. फाट्यावर डावीकडे वळली, देव उजव्या हाताला ठेवून दिवे लावत मागे गेली, पन्हळीपाशी पोचली. शेवटचा दिवा लावला आणि क्षणभर थांबली. तुम्ही माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्यांचे वळ उठले. मग ती वळली. आल्या वाटेने परत फाट्यावर आली, दुसऱ्या बाजूने गेली, तिकडचा दिवा लावला, पुन्हा वळली आणि घरी आली. सगळं मैदान उजळलं. तुम्ही हसलात. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून, मोठ्याने. मीनल एवढ्या मोठ्याने हसते ते तिने कुणाकडून घेतलंय हे मला तेव्हा समजलं.

त्यानंतरची वर्षं मजेत गेली. तुम्ही 'अहो' कधी सोडलं नाहीत, 'राव' सोडलं नाहीत, पण त्या आदरात राहूनही माणसाचा किती उद्धार करता येतो ते तुमच्याकडून शिकावं. "सुधीरराव, तुम्ही अगदी ठोंबे आहात हो." "सुधीरराव, बर्फ दाराकडून ओढतात का कधी? रस्त्याकडून सुरू करा." ओक ट्री रोडला भाजी आणायला निघालो की फोनमधली बाई एक वाट सांगायची आणि मागच्या सीटवरून तुम्ही दुसरी. बहुतेक वेळा फोनमधली बाई बरोबर असायची. तुम्ही म्हणायचात, ती इथे राहते, तिला भाजी घ्यायची नसते. याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण त्या वेळी वाद घालायला तो पुरेसा होता. पोह्यांचंही तुम्ही शेवटी एकदा बोलून टाकलंत. "त्या दिवशी तुम्ही मला खळ खायला घातली होती," म्हणालात, आणि चिवड्याचे पोहे कुठे आणि कांदेपोह्यांचे कुठे हे मला दोन्ही डबे उघडून दाखवलंत.

हॉस्पिटलमध्येही तुम्ही टॅबलेट मागवून घेतलात. बोटं थरथरायची म्हणून तुकडा तुम्ही सांगायचा आणि मी ठेवायचा. नर्सने विचारलं, हा कसला गेम? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणालात, "माय सन-इन-लॉ. ऑलवेज राँग." ती हसत सुटली. तुम्हीही हसलात आणि त्याने तुम्हाला दम लागला. मी तुमचा हात धरून बसलो. मला रडू येत होतं, आणि तरी सांगतो आई, त्या खोलीतला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही, ती आज सांगतो.

लेव्हल सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मीनलला लिंबं आणायला लावलीत. पातळ सालीची, डाग नसलेली, अशी बजावून. परतीचं विमान जवळ आलं होतं. बॅगा वरून खाली काढून झाल्या होत्या. तुम्ही लिंबं पुसलीत, चिरलीत, मीठ-तिखट लावून काचेच्या बरणीत भरलीत, वर कापडाचा दादरा बांधलात आणि बरणी खिडकीत उन्हाला ठेवलीत. मीनलने सहज विचारलं, "आई, कधी खायचं गं हे?" तुम्ही हात धूत म्हणालात, "दोन महिने तरी मुरायला हवं. मधेच कुणी झाकण उघडायचं नाही. मी चव बघेन, मी सांगेन, मग खायचं. तुझ्या नवऱ्याला आधी सांगून ठेव, त्यांना दम निघत नाही."

मीनलने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. आम्ही एक शब्द बोललो नाही, न जाणो, तुमच्या लक्षात यायचं आणि तुम्ही शब्द मागे घ्यायचात. मी म्हटलं, कचऱ्याचा दिवस आहे, डबा बाहेर काढतो. ती म्हणाली, मी मदत करते. गॅरेजमध्ये जाऊन आम्ही बंद गाडीत बसलो, काचा वर केल्या, आणि तुमची लेक स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली आणि हसली. मी आत्तापर्यंत दिलेल्या कुठल्याही भेटीने ती इतकी खूश झाली नव्हती. बॅगा मी त्याच आठवड्यात, तुम्ही आंघोळीला गेलेल्या असताना, गुपचूप वर ठेवून दिल्या. तुम्ही कधी विचारलं नाहीत त्या कुठे गेल्या.

मग दर वर्षी लिंबाचं लोणचं. दर वर्षी मी "आता झालं असेल" म्हणायचो, दर वर्षी तुम्ही "हात लावायचा नाही" म्हणायचात. यंदाची बरणी हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यातच भरलीत. खुर्चीत बसून, मीनलकडून चिरून घेऊन, तिखट मात्र स्वतःच्या हाताने. ती खिडकीत आहे. पाहुण्यांपैकी कुणीतरी काढायला गेलं तर मीनल त्यांच्यावर ओरडली. कधी उघडायची ते तुम्ही सांगितलं नाहीत.

आज सकाळी घर फार शांत होतं. मी काहीही केलं तरी चालणार होतं. मी चहा उकळताना फार उकळला, डबे चुकीच्या फळीवर ठेवले, पेपर टॉवेलने ओटा पुसला, आणि कुणी काही म्हणालं नाही. मीनल दारात उभी राहून बघत होती, ती पण काही बोलली नाही. मग मी बरणी काढली, दादरा सोडला, झाकण उघडलं आणि चमचाभर लोणचं ताटात घेतलं. साल कडक होती, मीठ अजून वर वर होतं. अजिबात मुरलेलं नाही.

मी चुकलो, आई. आता बोला.